पहिला डोस कोविशील्डचा, केंद्रावर कोवॅक्सिन: आईच्या दुसऱ्या डोसचं काय करायचं?

ऑगस्ट २०२१, करोना लसीकरणाच्या काळातला हा प्रश्न; खालचे नियम, दर आणि साठ्याची स्थिती तेव्हाची आहे. प्रश्न असा आहे. आई ६३ वर्षांच्या, दहा वर्षांपासून मधुमेह, राहतात राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत. २५ मे रोजी त्यांनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला, त्यानंतर दोन दिवस ताप आणि अंगदुखी झाली. १७ ऑगस्टला दुसऱ्या डोसआधीचे सक्तीचे ८४ दिवस भरले. तेव्हापासून दोनदा केंद्रावर जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा तिथे कोवॅक्सिनच होती. मुलगा मुंबईला नोकरीला. दोन वेगवेगळ्या लसी घेतल्या तर प्रतिकारशक्ती जास्त चांगली येते, अशी बातमी त्याच्या वाचनात आली. जुलैत आईच्या अँटिबॉडी तपासल्या होत्या, त्याही भरपूर निघाल्या. आता त्याला कळत नाहीये: गावात मिळतेय ती कोवॅक्सिन घेऊन मोकळं व्हावं, रत्नागिरीला नेऊन खासगीत ७८० रुपयांना कोविशील्ड घ्यावी, की आकडा चांगला आहे तर गणपती झाल्यावर बघावं?

आधी उत्तर देते, कारणं मग. कोवॅक्सिन नको, दुसरा डोसही कोविशील्डचाच. गणपतीनंतर नको, शुक्रवार २७ ऑगस्टपर्यंत. गावात मिळाली तर गावात, नाही मिळाली तर गुरुवारी रत्नागिरी.

मी कोकणातच, दुसऱ्या एका तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. लहान मुलांच्या लसीकरणाची सत्रं चौदा वर्षं घेतेय, करोनाची या वर्षी. या काही महिन्यांत आमच्या टेबलासमोर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, फक्त लसींची नावं कधी उलटसुलट असतात. आणि प्रत्येक वेळी मला एक गोष्ट समजावून सांगावी लागते. कोणती लस घ्यायची हे तुमच्या आईंनी २५ मे रोजीच ठरवलं. आता ठरवायचाय तो दिवस आणि ठिकाण. लोक नेमके याच्या उलट वागतात: लसीवर आठवडाभर चर्चा करतात आणि दिवस हातचा घालवतात.

मिश्र लसीच्या बातमीपासून सुरुवात करू, कारण ती खोटी नाही. उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगर जिल्ह्यात मे महिन्यात वीसेक गावकऱ्यांना पहिला डोस कोविशील्डचा आणि दुसरा चुकून कोवॅक्सिनचा दिला गेला. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्यातल्या १८ जणांचा अभ्यास केला. दोन्ही डोस कोविशील्डचे घेतलेले ४० आणि दोन्ही कोवॅक्सिनचे घेतलेले ४० यांच्याशी तुलना केली. मिश्र लस मिळालेल्यांच्या अँटिबॉडी चांगल्या आल्या, गंभीर त्रास कुणाला झाला नाही. बातमीत एवढंच सांगितलं आणि ते बरोबर आहे. पण १८ जण म्हणजे आमच्या केंद्रावरच्या एका सकाळच्या रांगेचा निम्मा भाग. दोन कोटीतल्या एकाला होणारा त्रास सोडा, हजारात एकाला होणारा त्रासही १८ जणांत दिसणार नाही. शिवाय त्यात मोजल्या त्या अँटिबॉडी. त्या लोकांना पुढे करोना कमी झाला का, झाला तर सौम्य झाला का, हे त्या अभ्यासात मोजलेलं नाही. म्हणूनच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये ३०० स्वयंसेवकांवर रीतसर चाचणी करायला आता ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी मिळाली आहे. तिचा निकाल येईल तेव्हा नियम बदलेलही. तुमच्या आईंना मात्र डोस पुढच्या आठवड्यात घ्यायचाय.

तुम्ही म्हणाल, युरोपात तर मिश्र लस देतायत. देतायत. जर्मनीत जुलै २०२१ पासून अॅस्ट्राझेनेकाच्या (ऑक्सफर्डने तयार केलेली, आपल्याकडे कोविशील्ड नावाने येणारी तीच लस) पहिल्या डोसनंतर फायझर किंवा मॉडर्नाची लस द्यायची शिफारस आहे, आणि ऑक्सफर्डच्या चाचणीत त्या जोडीचे निकाल खरंच चांगले आले. पण ती जोडी वेगळी. तिकडे दुसरी लस एमआरएनए प्रकारची, म्हणजे विषाणूऐवजी त्याच्या एका प्रथिनाची नुसती कृती देणारी आहे, कोवॅक्सिन मारलेल्या अख्ख्या विषाणूची आहे. एका जोडीचा निकाल दुसऱ्या जोडीला लावता येत नाही. हे म्हणजे एका औषधाचा अनुभव शेजारच्या डबीतल्या औषधाला लावण्यासारखं झालं.

इथे कोवॅक्सिनबद्दल वाईट मत करून घेऊ नका. तिच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत, २५ हजारांहून जास्त लोकांत, लक्षणं असलेल्या आजारापासून ७७.८ टक्के संरक्षण दिसलं. पण ते कोवॅक्सिनवर कोवॅक्सिन घेतलेल्यांमध्ये. ज्याचा पहिला डोस कोवॅक्सिनचा आहे त्याला मी दुसरा आनंदाने देते आणि वेळेवर ये म्हणून मागे लागते.

ते ‘वेळेवर’ म्हणजे काय, हे दोन्ही लसींत वेगळं का आहे, ते समजलं की तुमचा अर्धा गोंधळ मिटेल.

कोविशील्डमध्ये चिंपांझीत सापडणारा सर्दीचा एक विषाणू वापरलाय. तो शरीरात वाढू शकणार नाही असा केलेला आहे. त्याच्या पाठीवर करोना विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्याची (स्पाइक प्रथिनाची) कृती चढवून आत पाठवतात. आपल्या पेशी ती कृती वाचून तो काटा बनवतात आणि शरीर काट्याला ओळखायला शिकतं. पण शरीर त्या वाहक विषाणूलाही ओळखायला शिकतं. दुसरा डोस फार लवकर दिला, तर वाहकावरच हल्ला होऊन माल नीट पोचत नाही, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं असं की पहिल्या डोसनंतर तयार झालेल्या स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, पिकायला वेळ घेतात. कारण काहीही असो, परिणाम आकड्यांत दिसला: फेब्रुवारी २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात दोन डोसांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असलेल्यांत संरक्षण सुमारे ५५ टक्के होतं, बारा आठवडे किंवा जास्त अंतर असलेल्यांत सुमारे ८१. हे आकडे डेल्टा हा करोनाचा जास्त पसरणारा प्रकार यायच्या आधीचे आहेत, हे लक्षात असू द्या.

कोवॅक्सिनचं तसं नाही. त्यात मारलेला विषाणू आणि त्याच्या जोडीला प्रतिकारशक्तीला डिवचणारं एक द्रव्य असतं. वाहक नाही, त्यामुळे वाहकाची अडचणही नाही. मारलेल्या विषाणूच्या लसींत पहिला डोस पाया घालतो, भिंत दुसऱ्यानेच उभी राहते. म्हणून तिचं अंतर २८ दिवस, फार तर सहा आठवडे. पहिली कोवॅक्सिन घेऊन ‘कोविशील्डवाले तीन महिने थांबतात, मीही थांबतो’ असं म्हणणारे मला दर आठवड्याला भेटतात. तसं करू नका. ती दोन वेगळी गणितं आहेत.

कोविशील्डच्या अंतराने लोकांना फार घोळात टाकलं, हेही मान्य करायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये चार ते सहा आठवडे, २२ मार्चला सहा ते आठ, १३ मेला बारा ते सोळा. त्या मे महिन्यात दुसऱ्या डोससाठी पहाटे एसटीने आलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी हात जोडून परत पाठवलंय. त्यांच्या तोंडावर एकच भाव होता: लस नाही म्हणून ही डॉक्टरीण आम्हाला गुंडाळतेय. तुटवडा होताच. राज्याने त्याच सुमाराला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवून त्यांच्यासाठी आलेली कोवॅक्सिन ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसला वळवली होती. पण अंतर वाढवण्यामागे वरचा अभ्यासही होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

तर, कोविशील्डची खिडकी बारा ते सोळा आठवड्यांची. तुमच्या आईंची १७ ऑगस्टला उघडली, १४ सप्टेंबरला सोळा आठवडे पुरे होतात. एखाद्याला मी म्हटलं असतं, पंधरा दिवस लस आली नाही तर काही बिघडत नाही, वाट पाहा. तुमच्या आईंना मी तसं म्हणत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. गणपती.

१० सप्टेंबरला चतुर्थी आहे. त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी उतरतील. बंद घरं उघडतील, आरतीला एका खोलीत वीस माणसं उभी राहतील आणि दारं पावसामुळे लावलेली असतील. आणि २०२१ च्या या ऑगस्टमध्ये आपल्याकडे आहे तो डेल्टा. इंग्लंडमध्ये त्याच्यावर झालेल्या मोठ्या अभ्यासात एका डोसचं लक्षणं असलेल्या आजारापासून संरक्षण जेमतेम ३० टक्के निघालं. याच ऑक्सफर्डच्या लसीचे दोन डोस झालेल्यांत ६७ टक्के. एका डोसवर उभी असलेली, साठी ओलांडलेली, मधुमेह असलेली बाई आणि तिच्या ओटीवर मुंबईहून आलेली माणसं, हा मेळ मला घाबरवतो. इंग्लंडनेही मे महिन्यात डेल्टा पसरायला लागल्यावर पन्नाशीवरच्यांचं अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं, ते याच भीतीने. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ च्या नियमाप्रमाणे ८४ दिवसांच्या आत दुसरा डोस मिळत नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणारे आणि ऑलिंपिकचा चमू यांनाच २८ दिवसांनंतरची सवलत होती. पण तुमच्या आईंचे ८४ दिवस झालेत. त्यांच्या वाटेत नियम नाही, फक्त साठा आहे.

दुसऱ्या डोसचा पूर्ण परिणाम यायला दोन आठवडे धरतात. तुम्ही मुंबईत असता म्हणजे हा हिशेब तुम्हाला माहीत आहे. १५ ऑगस्टपासून लोकलच्या पासासाठी दुसऱ्या डोसनंतर जे १४ दिवस मोजतात, तेच आईसाठी मोजा. चतुर्थीपासून मागे १४ दिवस म्हणजे २७ ऑगस्ट. म्हणून मी ती तारीख दिली. समजा तुमच्याकडे कुणी येणार नसतं आणि आई वाडीत एकट्याच असत्या, तर मी १० सप्टेंबरपर्यंत गावच्या केंद्राची वाट बघा म्हटलं असतं आणि तुमचे ७८० रुपये वाचवले असते. परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं ते असं.

आता ठिकाण. आज २० ऑगस्ट २०२१, शुक्रवार. रविवारी नारळी पौर्णिमा. सोमवार ते बुधवार गावच्या केंद्रासाठी ठेवा. देशात आतापर्यंत दिलेल्या दहा डोसांपैकी जवळपास नऊ कोविशील्डचे आहेत, त्यामुळे सलग दोन वेळा कोवॅक्सिनच दिसली तरी तिसऱ्या वेळी कोविशील्ड यायची शक्यता चांगली आहे. पण आईंना नुसतं ‘जाऊन बघ’ म्हणू नका. आशाताईंना आदल्या संध्याकाळी फोन करा आणि उद्या कोणती लस, किती डोस, एवढं विचारा. जिल्ह्याहून साठा तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला येतो. कोणत्या लसीचे किती डोस येतायत हे आम्हालाही बहुतेकदा आदल्या दिवशीच कळतं. त्यापेक्षा लांबचं कुणी छातीठोक सांगत असेल तर ते गृहीत धरू नका.

आणि सकाळी जा. याचं एक कारण गर्दीशी संबंधित नाही. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असतात. ती उघडली की आम्ही तिच्यावर पेनाने वेळ लिहितो, आणि चार तासांत ती संपवावी लागते. उरलेली टाकून द्यायची. दुपारी अडीच-तीनला दोनच माणसं आली तर सिस्टर कुपी फोडायला कचरते आणि ‘उद्या या’ म्हणते. तिचंही चुकत नाही. आठ डोस फुकट गेले तर दुसऱ्या दिवशी आठ माणसं परत जातात. वाडीत दुसऱ्या डोसचे आणखी चार-पाच जण असतीलच, कारण मेमध्ये एकाच दिवशी सगळ्यांनी घेतली असणार. ते एकत्र गेले तर कुपी लगेच उघडते. आमच्याकडच्या एका वाडीने हेच केलं: एका माणसाने वहीत तारखा लिहून ठेवल्या आणि दोन रिक्षांमधून बाराजण आणले. कुणाला थांबावं लागलं नाही.

बुधवारपर्यंत नाही जमलं तर गुरुवारी रत्नागिरी. शुक्रवार राखीव ठेवा, कारण ऑगस्टचा पाऊस आणि आपले घाट कुणाच्या तारखेला विचारत नाहीत. निघण्याआधी त्या रुग्णालयाला फोन करून कोविशील्ड शिल्लक आहे का ते विचारा आणि जमलं तर कोविनवर, म्हणजे सरकारच्या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर, वेळ घेऊन ठेवा. खासगीतली लस वेगळी किंवा भारी नसते, तीच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कुपी असते. ७८० रुपयांत लसीचे ६००, जीएसटीचे ३० आणि रुग्णालयाचा सेवा आकार जास्तीत जास्त १५० असतो. सरकारने २०२१ मध्ये घातलेली ही कमाल मर्यादा आहे, त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. पहिला डोस सरकारी केंद्रावर आणि दुसरा खासगीत, याने काहीही अडत नाही. जिल्हा बदलला तरी चालतो.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. पहिल्या डोसला जो मोबाइल नंबर आणि जे ओळखपत्र दिलं होतं, तेच दुसऱ्याला द्या. घाईत कुणीतरी नव्या नंबरवर, पॅन कार्ड दाखवून नव्याने नोंद करतं. मग कोविनच्या लेखी ती नवीन बाई होते, तिला ‘पहिला डोस’ मिळतो, आणि हातात पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं येतात; अंतिम प्रमाणपत्र येतच नाही. दंडात दोन डोस गेलेले असतात, कागदावर एकही पूर्ण नसतो. हे निस्तरायला महिने जातात. शिवाय जुन्या नोंदीवर आलात तर यंत्रणाच पहिल्या डोसची लस दाखवते, म्हणजे चुकीची लस टोचली जाण्याची शक्यताही कमी होते.

कमी होते म्हटलं, संपते म्हटलं नाही. जूनमधला एक दिवस सांगते. नेटवर्क गेलेलं, आम्ही रजिस्टरवर नावं लिहून घेत होतो. कोवॅक्सिनचं सत्र होतं. साठीपुढचे एक आजोबा बसले, शर्टाची बाही वर केली. सिस्टरने विचारलं, “आजोबा, पहिली कुठली घेतलेली?” ते म्हणाले, “हीच की, दंडातली.” तिने ०.५ मिली भरून घेतली होती. तरी तिने कागद मागितला. आजोबांनी खिशातून दुधाची धुतलेली पिशवी काढली. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, आणि आठ घड्या घातलेलं, कोपऱ्यात पावसाने भिजलेलं प्रमाणपत्र. टेबलावर ते उलगडून हाताने सपाट केलं तेव्हा लशीच्या नावापुढे कोविशील्ड लिहिलेलं दिसलं. सुई दंडापासून वीतभर अंतरावर होती. ती लस पुढच्या माणसाला दिली, आजोबांना चहा दिला. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर सिरिंज भरायच्या आधी प्रमाणपत्रावरचं लसीचं नाव मोठ्याने वाचतात, मगच कुपीला हात लावतात. आईंच्या हातात प्रमाणपत्राची छापील प्रत द्या. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका. तो मोबाइल तुमच्याकडे मुंबईत असतो.

आणि समजा कुणाला चुकून दुसरी लस दिली गेलीच, तर घाबरून जायचं कारण नाही. सिद्धार्थनगरच्या लोकांना काही वाईट झालं नाही, हे आपल्याला आता माहीत आहे. केंद्राला सांगावं, नोंद करून घ्यावी, त्रास झाला तर दाखवावं. पण चुकून झालं तर निभावतं म्हणून मुद्दाम करावं असं होत नाही.

अँटिबॉडीच्या आकड्याबद्दल. ती तपासणी तुम्ही काळजीपोटीच केलीत, पण दुसरा डोस घ्यायचा की नाही हे तिच्यावरून ठरवू नका. किती आकडा म्हणजे माणूस सुरक्षित, अशी रेघ आज कुणीच आखलेली नाही. लॅबच्या कागदावर लिहिलेली मर्यादा फक्त ‘आढळल्या’ की ‘आढळल्या नाहीत’ एवढंच सांगते. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काही किट विषाणूच्या काट्याविरुद्धच्या अँटिबॉडी शोधतात, काही त्याच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या. कोविशील्डमध्ये नुसता काटा असल्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या किटवर लस घेतलेल्याचा निकाल कोरा येतो, आणि मग माणूस रडवेला होऊन माझ्याकडे येतो की माझी लस वाया गेली. तुमच्या आईंचा आकडा भरपूर आला याचा अर्थ पहिल्या डोसने काम केलं. कदाचित कळत-नकळत करोना होऊनही गेला असेल. पण हे आकडे महिन्यांगणिक उतरतात. दुसरा डोस त्या आठवणीला पक्कं करतो. शिवाय मधुमेहात प्रतिसाद थोडा कच्चा राहण्याची भीती असते. चांगला आकडा बघून तुम्हाला बरं वाटलं, मलाही वाटलं असतं. डोस मात्र घ्यायचाच.

पण इथे एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचाय. जूनपासून आजपर्यंत आईंना ताप-खोकला होऊन तपासणीत करोना निघाला होता का? निघाला असेल तर माझी वरची तारीख रद्द. मग बरं झाल्यापासून तीन महिने थांबून दुसरा डोस घ्यायचा, असा मे २०२१ पासूनचा नियम आहे. नुसता अँटिबॉडीचा आकडा जास्त आहे म्हणून थांबायचं नाही, तपासणीत आजार निघाला असेल तरच.

तापाची भीती आईंच्या मनातून काढा. पहिल्या डोसनंतर दोन दिवस ताप, अंग मोडून येणं, दंड दुखणं हे कोविशील्डचं नेहमीचं वागणं आहे, त्याला अॅलर्जी म्हणत नाहीत. दुसऱ्या डोसला बहुतेकांना पहिल्यापेक्षा कमी त्रास होतो. पहिल्या डोसनंतर लगेच घसा आवळणं, श्वास लागणं, अंगभर गांध्या उठून रक्तदाब कोसळणं असं झालं असेल तर मात्र दुसरा डोस द्यायचा नसतो. तसं तुम्ही लिहिलेलं नाही. त्या दिवशी सकाळी नाष्टा करून, मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेऊन जायचं. उपाशी रांगेत उभं राहून चक्कर आलेल्या मधुमेही बायका मी दर आठवड्याला पाहते आणि लोक समजतात लसीने चक्कर आली. साखर वाढलेली असली तरी लस थांबवायची नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सिस्टरला आधी सांगा. ती सुई काढल्यावर दंड थोडा जास्त वेळ दाबून धरेल. नंतर ताप आला तर पॅरासिटामॉल. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, एसटी चुकली तरी.

रक्ताच्या गुठळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. केंद्र सरकारच्या समितीने मे महिन्यात आकडा दिला होता: तोवर २६ संशयित रुग्ण, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. दुसऱ्या डोसनंतर हा धोका पहिल्याहूनही कमी दिसलाय. तरी वीस दिवस लक्ष ठेवा. न थांबणारी तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं, छातीत दुखणं किंवा धाप, न थांबणारी पोटदुखी, एका पायाला सूज आणि दुखणं, टोचलेली जागा सोडून इतर ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा काळेनिळे डाग, झटका येणं, यातलं काही दिसलं तर घरी न थांबता रुग्णालयात न्या आणि लस कधी घेतली ते सांगा.

आतापर्यंतचं एका जागी सांगते, आईंना फोनवर वाचून दाखवता येईल. लस कोविशील्डच. सोमवार ते बुधवार गावात, आदल्या संध्याकाळी आशाताईंना विचारून, सकाळी, वाडीतल्या इतरांसोबत. नाहीच मिळाली तर गुरुवारी रत्नागिरी. नंबर आणि ओळखपत्र जुनंच, प्रमाणपत्राची छापील प्रत सोबत, पोटात नाष्टा आणि गोळी. आणि काही कारणाने १४ सप्टेंबरही उलटला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी दुसरा डोस घ्यायचा.

तुमचे स्वतःचे दोन डोस झालेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाले असले तरी निघायच्या आधीच्या आठवड्यात घसा खवखवला, कणकण वाटली तर तपासणी करा आणि पॉझिटिव्ह निघालात तर जाऊ नका. डेल्टा दोन डोसवाल्याच्या नाकातूनही पसरतो. गेलात तर पहिले काही दिवस आईंजवळ मास्क लावूनच बसा आणि शक्य तेवढं बाहेर ओटीवर. लस टोचून झाल्यावर आईंना लगेच उठू देऊ नका. सोबत जो कोणी जाईल त्याला सांगा की सिस्टरने कोविनवर नोंद केली का ते तिथेच मेसेज बघून तपासायचं. नाव, लसीचं नाव आणि दुसऱ्या डोसची तारीख. काही चुकलं असेल तर ते टेबल उठायच्या आत दोन मिनिटांत दुरुस्त होतं.